खोताची मोटार

बाबा, आपल्या चाळीला पुन्हा नोटीस लागली. जिन्याच्या तोंडाशी, तुमच्या वेळी लागली होती त्याच भिंतीवर. सदर इमारत राहण्यास धोकादायक आहे, वगैरे. भाषासुद्धा बदललेली नाही. फरक एवढाच की तेव्हा लोक तुमच्याकडे धावत आले होते आणि आता माझ्याकडे येतात, कारण चाळ कमिटीची सेक्रेटरी मी आहे. मास्तरांची मुलगी, म्हणजे हिला कळत असणार, असा सगळ्यांचा समज. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली तरी काळाचौकीत तुमची पत टिकून आहे, आणि मला त्याचा राग येतो. तुमच्या तोंडावर मी कधी भांडले नाही. एकदा फक्त उठून गेले होते. आज खोली रिकामी करायची आहे, त्याआधी राहिलेलं भांडण उरकून घ्यावं म्हणून बसले आहे.

सुरुवात त्या पुस्तकापासूनच करायला हवी. तुम्ही भोईवाड्यातल्या शाळेत इतिहास शिकवायचात आणि संध्याकाळी हौसेने जर्मन शिकायला जायचात. गिरगावातल्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडे तुम्हाला ते जाडजूड पुस्तक मिळालं. वाचनाच्या सरावासाठी घेतलंत, असं तुम्हीच सांगायचात. युद्धानंतर प्रशियातल्या एका ग्रामीण जिल्ह्यातून हाकलली गेलेली माणसं जर्मनीत एकत्र जमली आणि त्यांनी आठवणीतून आपला जिल्हा पुन्हा मांडून काढला: गाव न् गाव, घर न् घर, कोणाकडे किती घोडे, कोणाच्या शेतात तळं. जिल्हा म्हणायचा, पण मुलूख आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढा. आज तो कुठल्याच नकाशावर नाही. जमीन पोलंडमध्ये गेली, गावांची नावं बदलली, कचेरीचं काय झालं कोणाला ठाऊक. त्या जिल्ह्याचा इतिहास मराठीत लिहायचा असं तुम्ही ठरवलंत आणि उरलेलं आयुष्य त्यात घातलंत. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. या घरात आमच्या नावांपेक्षा ते जास्त वेळा घेतलं गेलं आहे.

आई तेव्हा खाणावळ चालवते. गिरणीत काम करणारे गाववाले दोन्ही पाळ्यांना जेवायला येतात. स्वयंपाकघरात एकच टेबल आहे आणि खिडकीचा उजेड त्याच्यावर पडतो, म्हणून ते तुमचं. आई खाली बसून भाकऱ्या थापते, मी कांदे चिरते, आणि तुम्ही वर बसून आम्हाला प्रशिया सांगता. नेपोलियनच्या लढायांचा धुरळा बसल्यावर तिथल्या राजाने आपला मुलूख नव्याने आखला, प्रांत पाडले, प्रांतांचे विभाग, विभागांचे हे छोटे जिल्हे. प्रत्येक जिल्ह्यावर एक लांडराट, म्हणजे साहेब. पण बाहेरून पाठवलेला नव्हे. तिथल्याच बड्या जमीनदारांतला एक, राजाने शिक्कामोर्तब केलेला. वसुली, रस्ते, सैन्यभरती, सगळं त्याच्या हातात. आपापल्या जमिनीवर तर हे जमीनदार पोलीसही आणि पंचही. शेतावरची माणसं धान्यावर राबायची, आणि घरटी एक जास्तीचा माणूस कामाला द्यावा लागायचा. तुम्ही हे रंगून सांगत असता. आई भाकरी तव्यावर टाकते आणि मान वर न करता विचारते, "म्हणजे खोतच मा तो?"

तुम्ही हसलात. मला ते हसू आठवतं. तुमच्या आजोबांना आपल्या गावच्या खोताचा मेणा खांद्यावर वाहावा लागायचा, फुकट, भर पेरणीच्या दिवसांत. एकदा नाही म्हणाले म्हणून घराची कौलं काढून नेली, आणि मग ते बायकोमुलं घेऊन मुंबईला गिरणीत आले. ही गोष्ट तुम्हीच आम्हाला शंभरदा सांगितलीत, डोळ्यांत पाणी आणून. आणि त्याच तोंडाने तुम्ही आईला म्हणालात, "खोत आणि लांडराट यांत फरक आहे. तो शिस्तीचा माणूस. घोड्यावरून प्रत्येक गावात स्वतः जायचा." आईने भाकरी उलटली. मला त्या वयात शब्द सापडला नव्हता, आता आहे. तुम्ही खोताच्या प्रेमात पडलात, बाबा. फक्त तो गोरा हवा होता, लांबचा हवा होता आणि पुस्तकातल्या फोटोसारखी त्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी झाडं हवी होती.

प्रेमात पडलात तिथवर ठीक होतं, पण तुम्ही तसे वागायलाही लागलात. रविवारी सकाळी तुमचा दौरा निघायचा. कॉमन गॅलरी, मोरी, संडास, पाण्याच्या टाक्या. कोणाची बादली वाटेत, कोणाच्या दारात चपलांचा ढीग. लोक ऐकायचे, कारण तुम्ही त्यांच्या मुलांना फुकट शिकवलेलं, कोणाचे अर्ज लिहिलेले, कोणाला नोकरीला चिकटवलेलं. ते मी नाकारत नाही. पण दौऱ्याची शेवटची चौकी आमचं घर असायची, आणि तिथे माफी नव्हती. डब्यांची झाकणं, माझी वही, आईचा ओटा. तुम्ही बोट फिरवून बघायचात. चाळीतल्या बायका आईला म्हणायच्या, "नशीबवान आहेस, असा नवरा कुठे मिळतो." आई पदराने तोंड पुसायची. तेवढ्यात तिचं उत्तर झाकून जायचं.

आणि तो राळेचा खडा. जर्मनीतल्या त्या माणसांना तुम्ही पत्रं लिहायचात, आणि मुंबईतला एक मास्तर आपल्या हरवलेल्या जिल्ह्याचा अभ्यास करतो याचं त्यांना केवढं अप्रूप. एका नाताळात त्यांनी तुम्हाला तिकडच्या समुद्रकाठी सापडणारा पिवळा पारदर्शक खडा पाठवला. झाडाचा चीक लाखो वर्षांत दगडासारखा झालेला, हे तुम्ही चाळभर हातात नाचवून सांगितलंत. आईने ऐकलं ते एवढंच की झाडाचा चीक. आपल्याकडे झाडाचा चीक म्हणजे राळ, आणि राळ निखाऱ्यावर टाकायची असते. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी तिन्हीसांजेला तिने तो धुपाटण्यात टाकला. सगळ्या मजल्यावर कसला तरी रानातला, गोडसर, अनोळखी वास पसरला, शेजारच्या काकू विचारायला आल्या, कुठला धूप गो हा. तेवढ्यात तुम्ही शाळेतून आलात. चिमट्याने निखारे उलथेपालथे केलेत, हात भाजून घेतलात, तोवर त्याचा काळा गोळा होऊन धुपाटण्याच्या बुडाला चिकटला होता.

आई ओशाळून म्हणाली, "इतकी बरी राळ कपाटात ठेवन काय करतलात? देवाक दाखवलंय."

"अडाणी," तुम्ही ओरडलात. "अडाणी बाई. लाखो वर्षं टिकलेली वस्तू तू एका संध्याकाळी जाळलीस." काकू दारात उभ्या होत्या. जेवायला आलेले दोघे गाववाले पाटावरून उठून बाहेर गेले. आईने त्यांची ताटं झाकून ठेवली. तुम्ही तिच्याशी कितीतरी दिवस बोलला नाहीत, आणि जर्मनीला मात्र लिहिलंत की खडा सुखरूप आहे, रोज टेबलावर असतो. मी ते पत्र पेटीत टाकायला नेलं होतं. आयुष्यात मी तुम्हाला इतकं मोठ्याने ओरडताना त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तुमच्या त्या लाडक्या पुस्तकाचा खोटेपणा तुम्हाला दिसत नव्हता असं नाही. तिथल्या बाजारपेठेत कापडाची दुकानं ज्यू कुटुंबांची होती, असं त्यात आहे. मग झेंडे बदलतात, पानं उलटतात, आणि त्या कुटुंबांबद्दल एकच वाक्य येतं, की पुढे ती गाव सोडून गेली. कुठे गेली, कोणी घालवली, तेव्हा तुमचा लांडराट कोणत्या खुर्चीवर बसला होता, काही नाही. घोड्यांच्या पैदाशीवर मात्र पानंच्या पानं. मी कॉलेजात होते, मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "साधनात नाही ते मी कसं लिहू?" साधनात नव्हतं म्हणून तुम्ही ते वाक्य जसंच्या तसं मराठीत उतरवलंत. साधनांशी इतके इमानदार होतात तुम्ही. हेही लक्षात ठेवा.

शेवटचा हिवाळा तुम्ही पहिल्यांदा सांगितलात तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण आईने हातातलं काम थांबवलं होतं. पूर्वेकडून रशियन फौजा येत होत्या. तोफांचे आवाज ऐकू यायचे. पण वरून सक्त ताकीद होती, कोणी गाव सोडायचं नाही, जो गाडी जुंपेल तो घाबरट, तो देशद्रोही. लांडराटने तो हुकूम गावोगाव पोचवला आणि नीट पाळून घेतला. लोक सामान बांधून, घोड्यांना नाल ठोकून बसून राहिले. मग एका सकाळी हुकूम आला, निघा, ताबडतोब. तोवर बर्फ पडला होता. सगळ्या जिल्ह्याच्या गाड्या एकाच रस्त्यावर आल्या, म्हातारी माणसं गाड्यांतच गारठून गेली, काही गाड्या गोठलेल्या पाण्यावरून जाताना खाली गेल्या. त्या झाडांच्या रस्त्यावरच हे सगळं झालं, ज्याचा फोटो तुम्ही टेबलाच्या काचेखाली ठेवला होता.

"मगे ती माणसां आधीच कित्याक नाय निघाली?" आईने विचारलं.

"हुकूम नव्हता."

"हुकूम नाय म्हणान पोराबाळांका घेवन बसान रवाचा?"

तुम्ही पुस्तकाचं पान उलटलंत. आई पुन्हा म्हणाली, "आणि खोत?"

"तो... त्याची मोटार होती. तो पुढे गेला."

"गेलोच आसतलो," आई म्हणाली आणि पुन्हा परातीकडे वळली. पुस्तकात तसंच होतं, मी नंतर शब्दकोश घेऊन ते पान स्वतः लावलं. पहाटे साहेबांची मोटार गाड्यांच्या रांगेला मागे टाकून पश्चिमेकडे गेली. पाहणारी बाई तेव्हा लहान मुलगी होती. मोटारीच्या मागच्या खिडकीत कुत्रा होता, हेसुद्धा तिने सांगितलं आहे.

काही वर्षांनी आपल्याला नोटीस लागली. मागची बाजू, म्हणजे गॅलरी आणि मोऱ्या, कधीही खाली येईल असं इंजिनियर सांगून गेला. संक्रमण शिबिरात जागा मिळत होत्या, लांब, पण मिळत होत्या. परत इथेच खोली मिळेल याची लेखी हमी मात्र कोणी देत नव्हतं. मंडळाच्या खोलीत मीटिंग भरली आणि तुम्ही उभे राहून म्हणालात, "लेखी करार हातात पडल्याशिवाय एकही खोली रिकामी होणार नाही." तळमजल्यावरचा एक जण, ज्याची दोन लहान मुलं होती, हात जोडून म्हणाला, "मास्तर, पोरं त्याच भिंतीखाली झोपतात हो. आम्ही पावसाळ्यापुरते गावाला जातो, कुलूप लावून." तुम्ही म्हणालात, "कुलूप लावलंस की ताबा गेला. एक फुटला की सगळे फुटले." तो खाली बसला. मी आईकडे बघितलं. ती बायकांत मागे बसली होती, आणि मला वाटलं, आता ती विचारणार, कित्याक नाय निघायचा? तिने विचारलं नाही. सगळ्यांसमोर तुम्हाला अडवायचं ते तिला जमण्यातलं नव्हतं.

तुमचं चुकलं नव्हतं, असं लोक आजही म्हणतात. पलीकडच्या चाळीतले जे शिबिरात गेले ते तिथेच राहिले, त्यांच्या मुलांची लग्नंही तिथेच झाली. खरं आहे ते. पण आई मेली, हेही खरं आहे. पावसाळ्याच्या बेगमीला तिने मच्छीमार नगरातून सुके बोंबील आणले होते आणि भर दुपारी ती ते मागच्या गॅलरीत उन्हात पसरत होती. मी परळच्या हॉस्पिटलात, माझ्या लॅबमध्ये होते. आमच्याकडेच आणलं तिला. केसांत चुना होता, आणि मुठीत बोंबील तसाच होता. तुम्ही कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभे होतात. ओरडला नाहीत, बाबा. राळेच्या खड्यासाठी ओरडलात तेवढंही नाही. इतकी वर्षं मी तुमच्यावर याचा दावा धरून आहे.

लेखी करार तेराव्याच्या आत आला. शिक्क्यासकट. काही कुटुंबं शिबिरात गेली, आपण आणि बाकीचे टेकू लावलेल्या पुढच्या बाजूत राहिलो, मागची बाजू पाडून नव्याने बांधून दिली. रविवारचे दौरे तुम्ही बंद केलेत. लिहिणं बंद केलं नाहीत. आणि एक दिवस, मी खालून पाणी भरून आले तेव्हा, तुम्ही मला टेबलासमोर बसवलंत आणि शेवटचं प्रकरण वाचून दाखवलंत. बर्फ, गाड्यांची रांग, झाडांचा रस्ता. आणि मग तुमच्या सुबक मराठीत: सर्व गाड्या मार्गस्थ झाल्यावर लांडराट कचेरीत परतला. तुम्ही पुढे व्हा, मी मागून येतो, असं त्याने सांगितलं होतं. तो तिथेच राहिला.

मी विचारलं, "मोटार कुठे गेली?"

तुम्ही चष्मा काढलात. पुसलात. पुन्हा लावलात. कागदाकडे बघत म्हणालात, "इतक्या थंडीत मोटार सुरू झाली नसेल."

साधनात नाही ते मी कसं लिहू म्हणणारे तुम्ही. ज्यूंच्या दुकानांसाठी एक शब्द जास्तीचा घालता आला नाही तुम्हाला. खोताला वाचवायला मात्र आख्खा माणूस मोटारीतून खाली उतरवलात, कुत्र्यासकट. तेव्हा मी उठले आणि निघून गेले. त्यानंतर तुम्ही होतात तोवर तुमच्याशी मी औषधाच्या वेळा आणि दुधाच्या पिशव्या यांपलीकडे बोलले नाही. तुम्ही त्यात स्वतःला लिहिताय हे मला कळत नव्हतं असं समजू नका. त्याच क्षणी कळलं होतं. म्हणून तर जास्त राग आला. आईबद्दल एक वाक्य मला हवं होतं, या घरात, या टेबलावर, मराठीत किंवा मालवणीत. चुकलो एवढं जरी म्हणाला असतात तरी चाललं असतं. ते तुम्ही हजारो मैल लांब नेऊन कोणा परक्या जमीनदाराच्या पदरात टाकलंत. तुमचे कागद मी फेकले नाहीत, छापलेही नाहीत. तुमचे जुने विद्यार्थी अधूनमधून विचारतात, मी उत्तर देत नाही.

आता परवाची मीटिंग. त्याच मंडळाच्या खोलीत. चाळ पाडून नवी बांधणाऱ्या बिल्डरने तोवर राहायला भाड्याच्या जागा बघून दिल्या आहेत, करारनामा अजून रजिस्टर व्हायचा आहे. पहिल्या मजल्यावरचा नवीन लग्न झालेला मुलगा उभा राहिला. "ताई, अ‍ॅग्रीमेंट तर रजिस्टर झालं नाय अजून. निघायचं की थांबायचं? तुम्ही बोला, आपल्यासाठी फायनल." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडलं आणि तुमचं वाक्य बाहेर आलं. "लेखी करार हातात पडल्याशिवाय" एवढं मी म्हणाले, अगदी तुमच्या चालीत, आणि समोरची म्हातारी माणसं मान डोलवायला लागलीसुद्धा. मी वाक्य अर्धंच सोडलं. पाणी मागून घेतलं. मग म्हणाले, "शनिवारी सगळ्यांनी निघायचं. करारासाठी मी भांडते, कोर्टात जायची वेळ आली तरी जाते. पण माणूस एकही आत राहता कामा नये." कोणीतरी विचारलं, "आणि ताबा गेला तर?" मी म्हणाले, "गेला तर गेला. माझं सामान मी आधीच बांधलंय."

आज शनिवार आहे. सकाळपासून टेम्पो लागलेत. कॉट, मिक्सर, गणपतीचं मखर, सगळं जिन्यावरून उतरतंय. माझ्या खोलीत कपाट उघडं आहे, डबे फळीवर आहेत, टेबल खिडकीपाशी आहे आणि मी तिथेच बसून तुम्हाला शिव्या घालते आहे. काहीही बांधलेलं नाही. पहिल्या मजल्यावरची ती नवीन सून आत्ता वर येऊन गेली. "ताई, चला ना, टेम्पोवाला डोकं खातोय. तुमचं सामान कुठंय?" मी म्हणाले, "तुम्ही पुढे व्हा, मी मागून येते."

ती गेल्यावर मला ऐकू आलं मी काय म्हणाले ते.

हे कुठे पाठवणार? तुमच्या कागदांच्या गठ्ठ्यातच ठेवते, शेवटच्या प्रकरणावर, आणि गठ्ठा इथे टेबलावरच राहू दे. मी आईचं धुपाटणं तेवढं घेते. बुडाचा काळा डाग अजून आहे, खरवडून निघत नाही. माफ वगैरे केलेलं नाही मी तुम्हाला. पण खाली उतरायला पाय उचलत नाहीयेत, आणि आज पहिल्यांदाच मला वाटलं, त्या सकाळी मोटार खरंच सुरू झाली नसेल.